उजवीकडचे दोन बर्नर

सहाव्या दिवशी सकाळी बोटीचा भोंगा वाजला आणि कोणीतरी ओरडलं, "दुबई आली!" कठड्याशी जाऊन पाहिलं तर फिकट पाणी, त्यापलीकडे फिकट वाळूची रेघ आणि तिच्यावर चार-दोन बुटके मनोरे, एवढंच दिसत होतं. पुढे पाणी उथळ, म्हणून बोट मैलभर अलीकडेच थांबली. दोरीच्या शिडीवरून आम्हाला खालच्या लाँचमध्ये उतरवलं. माझी हत्यारांची पेटी आधी दोराने सोडली, मग मी उतरलो. सहा दिवस डेकवर, ओकाऱ्या काढणाऱ्या माणसांच्या रांगेत पडून काढले होते. अंगात कुठलंही नवल पाहण्याची ताकद उरली नव्हती.

मी गॅसफिटर. माझगावच्या एका कारखान्यात बावीस वर्षं शेगड्या बसवतो आहे. हॉटेलांच्या, इस्पितळांच्या, कधी श्रीमंतांच्या घरच्या. परदेशी जाण्याचं कारणही शेगडीच होती. आमच्या कारखान्याने एका विंधणविहिरी खणणाऱ्या कंपनीला एक घरगाडी बांधून दिली होती. लॉरीच्या सांगाड्यावर अख्खं घर: झोपायच्या चार फळ्या, टेबल, पाण्याची टाकी आणि मागच्या भिंतीला चार बर्नरची गॅसची शेगडी. इथल्या वाळवंटात पाणी शोधणाऱ्या तुकडीसाठी ती गेली. दोन महिन्यांनी पत्र आलं: शेगडी नीट जळत नाही, काजळी धरते, तिच्यापायी एक माणूस दगावता दगावता वाचला, कोणाला तरी पाठवा. मालक म्हणाले, "तुम्हीच बसवलीत, तुम्हीच जा." वाळू गेली असेल बर्नरमध्ये, असं मी म्हणालो आणि पेटी भरली.

दुबई खाडीच्या दोन्ही काठांवर वसली आहे. माणसं इकडून तिकडे जातात ती अब्रातून (उघडी, बसकी नाव). माझी सोय बर दुबईच्या बाजूला, एका सिंधी कापडवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत होती. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरातली उदबत्ती माझ्या खिडकीत यायची. जवळच देऊळ होतं, घंटा ऐकू येई. रुपयाही आपलाच चाले, फक्त नोटेचा रंग वेगळा. संध्याकाळी त्या कापडवाल्याच्या घरून डाळ-भात आला. सहा दिवसांनी पोटात टिकलेलं ते पहिलं जेवण.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुराद आला. कॅम्पचा ड्रायव्हर, जातीचा बलुची, बोलायला मोडकं हिंदी. "यल्ला, मिस्त्री!" म्हणाला (यल्ला म्हणजे चला) आणि माझी पेटी जीपमध्ये फेकली. रस्ता असा नव्हताच. आधीच्या गाड्यांची चाकं गेली होती तिकडे आमची जात होती. शारजा मागे पडलं आणि समुद्राकडची जमीन लागली. तिला सबखा म्हणतात (वरून कोरडी दिसणारी, आतून चिखलाची खारवट जमीन). मुरादने जवळची वाट धरली आणि आमची मागची दोन्ही चाकं आसापर्यंत आत गेली.

"खलास," मुराद शांतपणे म्हणाला आणि फावडं काढलं.

दोन तास आम्ही खणत होतो. चाकांखाली गोणपाटं घातली, माझी सतरंजी घातली, शेवटी माझा एक जुना कोटही घातला. गाडी निघाली. कोटाचं काय झालं ते पाहायला मी मागे वळलो नाही.

अजमानला मासळी घ्यायला थांबलो. किनाऱ्यावर ओळीने होड्या ओढून ठेवल्या होत्या आणि मागे बरस्त्या (खजुराच्या झावळ्यांची घरं). वाळूवर बारीक मासळी सुकत घातली होती. त्या वासाने मला क्षणभर घरी आल्यासारखं वाटलं. मुरादने एक मोठा हमूर (आपल्याकडचा गोबरा) ओल्या पोत्यात गुंडाळला.

"दाऊदसाठी शेवटचा," तो म्हणाला.

"दाऊद कोण?"

"बावर्ची. तुमच्याच मुलखाचा. ज्याने त्या पोराला गॅसने मारलं असतं. परवाच्या बोटीने त्याला घरी पाठवतायत."

तिथून आम्ही समुद्राकडे पाठ केली. आधी लाल वाळूच्या टेकड्या, मग काटेरी झाडं विखुरलेलं माळरान आणि दुपार उलटल्यावर समोर काळपट, उघडे डोंगर. पायथ्याशी पाच तंबू, खोदायचं यंत्र आणि आमची घरगाडी. माझगावात नवीकोरी पाहिली होती, आता वाऱ्याच्या बाजूचा तिचा रंग वाळूने खरवडून काढला होता.

गाडीच्या आडोशाला तीन दगडांवर मोठं पातेलं चढवून एक माणूस विस्तव फुंकत बसला होता. चाळिशीचा, किडकिडीत, डोळे धुराने लाल. अकरा माणसांचं जेवण तो तीन आठवडे असं उघड्यावर शिजवत होता, कारण गॅस पेटवायची त्याला बंदी होती. मला पाहून उठला.

"मिस्त्री, तुमी मुंबयहून आलाव? मी दाऊद. जयगडच्या खाडीपलीकडचा." त्याने आधी पाणी दिलं, मग चहा. तिसऱ्या वाक्याला तो स्वतःच मुद्द्यावर आला. "माज्या हातून झालं ते. वारा सुटला होता दोन दिवस, वाळूचा. खिडक्या लावून मी भात टाकला. वर्गीस नकाशे काढून दमला होता, आत फळीवर झोपला. मी मधे बाहेर गेलो. येऊन बघतो तर हलवून पण उठत नाय. उचलून बाहेर काढला. आता बरा हाय तो, पण डोकं दुखतं म्हणतो."

"जाळ कसा होता?"

"पिवळा. पहिल्या दिवसापासून. मी सांगितलं होतं सायबाला. तो म्हणाला, तू बर्नर साफ करत नाहीस."

तुकडीचे प्रमुख घोषबाबू, भूगर्भशास्त्र शिकलेले बंगाली गृहस्थ, सौजन्याने वागले. दमलेले तेही होते. तीन महिने खणून त्यांना खाऱ्या पाण्याशिवाय काही लागलं नव्हतं. "ठीक करून द्या," एवढंच म्हणाले, "मला मुंबईला अहवाल पाठवायचा आहे."

मी गाडीत शिरलो, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि नेहमीच्या क्रमाने सुरुवात केली. सिलिंडर ठीक. नळीवर साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. रेग्युलेटर ठीक. मग एकेक बर्नर पेटवला. डावीकडचे दोन्ही नीट पेटेनात, दोन-चार भोकांतून निळसर ठिणग्या येत आणि 'फट्' करून विझत. उजवीकडचे दोन्ही पेटले, पण जाळ हातभर, पिवळा, लवलवता. पातेली वर धरली तर मिनिटाभरात बूड काळं.

आधी डावे उघडले. बर्नरच्या नळीत कुंभारमाशीने मातीची घरटी केली होती, आत वाळलेले कोळी. दोन्ही नळ्या बंद. तार घालून साफ केल्या, फुंकर मारली, पेटवलं. सुरेख निळा जाळ. म्हणून दाऊद उजवे दोनच वापरत होता तर. आता त्यांतही माती असणार, असं म्हणत मी ते उघडले. नळ्या स्वच्छ होत्या.

मग जेट काढला. गॅस ज्या बारीक भोकातून येतो तो पितळी तुकडा. सिलिंडरच्या गॅसचा जेट असेल तर शिवणाची सुईसुद्धा त्यात अडते. माझी दाभण आरपार गेली. दुसऱ्यातूनही गेली.

मी तिथेच फळीवर बसलो. ते भोक मी ओळखलं. मुंबईत नळाने घरोघरी येणारा कोळशाचा गॅस असतो, त्याचे जेट होते ते. त्या गॅसला मोठं भोक लागतं. सिलिंडरच्या गॅसला तेच भोक दिलं तर गॅस भरमसाट येतो, त्याला पुरेशी हवा मिळत नाही, काजळी होते आणि बंद खोलीत माणूस गुदमरतो. घरगाडीच्या कामाच्या शेवटच्या शनिवारी माझ्याजवळ बारीक जेट दोनच उरले होते. उजवीकडे मी हाताला आले ते बसवले, सोमवारी बदलायचे ठरवून. सिलिंडर आला नव्हता, म्हणून शेगडी पेटवून पाहायची राहिली. तपासणीच्या कार्डावर मात्र सही केली, कारण मला घरी जायचं होतं. कोणी आजारी नव्हतं, काही अडचण नव्हती. दमलो होतो, इतकंच. सोमवारी गाडी गोदीत गेली आणि मी विसरलो.

पेटीत बारीक जेट होते. ते बसवले. चारी बर्नर निळे झाले. जुने दोन मी खिशात टाकले.

घोषबाबू आले, वाकून पाहिलं, खूश झाले. मातीची ढेकळं मी कागदावर काढून ठेवली होती. "म्हणजे मातीच!" ते म्हणाले. "मी सांगतच होतो, हा माणूस साफसफाई करत नाही."

मी काही बोललो नाही. हे लिहिताना कमीपणा वाटतो, पण तसंच घडलं. त्या संध्याकाळी दाऊदने तीन आठवड्यांनी प्रथमच गॅसवर रांधलं. हमूरची आमसुलं घातलेली आमटी, घरून आणलेल्या आमसुलांतली शेवटची. मला त्याने दोनदा वाढलं. "तुमी दमून आलाव," म्हणाला. मी मान खाली घालून जेवलो.

सकाळी मुराद गाडी सुरू करून बसला होता. माझी पेटी ठेवायला गेलो तर मागे आधीच एक वळकटी आणि एक पत्र्याची ट्रंक होती. दाऊद बाजूला उभा होता, धुतलेला सदरा घालून. दोन दिवस जीपमध्ये आणि खोलीत, मग सहा दिवस डेकवर, हा माणूस माझ्याशेजारी बसणार होता.

मी घोषबाबूंच्या तंबूत गेलो आणि जेट त्यांच्या टेबलावर ठेवले. सगळं सांगितलं. त्यांनी एक जेट उचलून उजेडाकडे धरला.

"सही तुमची होती?"

"माझी."

"काल का नाही बोललात?"

"हिंमत झाली नाही, साहेब."

त्यांनी जेट खाली ठेवला. मग कागद पुढे सरकवला. "लिहून द्या." मी लिहून दिलं, आणि यावेळी सही करण्याआधी पहिल्या ओळीपासून वाचलं. त्यांनी बाहेर येऊन दाऊदला सांगितलं की सामान उतरव, तुझी चूक नव्हती. माफी मागितली नाही, पण त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वर्गीस तंबूच्या दारात उभा राहून माझ्याकडे पाहत होता. मी त्याच्याकडे गेलो. त्याने हात पुढे केला नाही, तोंड फिरवलंही नाही.

दाऊदने ट्रंक उतरवली आणि तिच्यावर बसला. मला वाटलं होतं तो आनंदेल.

"मिस्त्री, तीन आठवडे रोज पाच वेळा मी अल्लाकडे माफी मागत होतो," तो म्हणाला. "जे मी केलंच नाय त्याची. आता तुमी मागा."

"मागतो. तुमचीही मागतो, दाऊदभाई."

मुरादने भोंगा वाजवला तेव्हा तो उठून जवळ आला. "घरी माजा कागद गेलाय. माज्या हातून माणूस मरता मरता वाचला, मला परत धाडतायत, असं लिवलंय. माज्या आईचं वय झालंय."

"मी आजच दुसरं पत्र लिहितो."

"कागदावर कोन विश्वास ठेवील? सांभाळून घेतायत म्हनतील. तुमी जा. तोंडाने सांगा."

"जाईन," मी म्हणालो. तो "इन्शाल्ला" म्हणाला, पण त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही.

परतीचे सहा दिवस कसे गेले ते आठवत नाही. कारखान्यात मालकांनी घोषबाबूंचं पत्र वाचलं, तपासणीची कार्डं माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिली. ते योग्यच झालं. दोन दिवसांनी रजा टाकून भाऊच्या धक्क्यावरून कोकणची बोट पकडली. जयगडला उतरलो, खाडी ओलांडली, तासभर चढण चढलो. साऱ्या प्रवासातला हा टप्पा सर्वांत छोटा होता आणि पाय सर्वांत जड होते.

दाऊदची आई पडवीत तांदूळ निवडत होती. त्याची बायको हलीमा दाराआड उभी राहिली. मी ओळख सांगितली. "चाची, दाऊदभाईंची काही चूक नव्हती. त्या गाडीत चुकीचे जेट बसवले गेले होते. पेटवून पाहायचं राहून गेलं. ते आता बदललेत. दाऊदभाई कामावर आहेत, खुशाल आहेत."

म्हातारीचा हात सुपात थांबला. "कोनी बसवले?"

"मी."

ती माझ्याकडे नीट पाहत राहिली. मग कुंपणाकडे तोंड करून हाक मारली, "जैनब! अगे जैनब, हिकडे ये. बशीरच्या आयशीला पन घेऊन ये." हात पुसत एक बाई आली, मागून दुसरी आली. महिनाभर त्यांनी काय काय बोलून दाखवलं असेल ते त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं.

"आता परत सांगा," म्हातारी म्हणाली. "पहिल्यापासून."

मी परत सांगितलं. तेवढ्यात बांधावरून एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा. पहिल्या वेळी मी 'बसवले गेले होते' म्हणालो होतो, आणि 'पाहायचं राहून गेलं'. बावीस वर्षं आम्ही कारखान्यात असंच बोलत आलो: मोडलं, राहिलं, झालं. तिसऱ्या वेळी, चार अनोळखी माणसांसमोर, तोंडातून सरळ आलं: "मी चुकीचे जेट बसवले. पेटवून पाहिले नाहीत. पाहिले म्हणून सही केली. दाऊदने आधीच सांगितलं होतं की जाळ पिवळा आहे."

हलीमा दाराआडून पडवीत आली आणि सासूशेजारी बसली.

"जेवून जा," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.