नणंदेचं प्रेझेंटेशन

वहिनीला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. पोत्यांवरचं यायचं. कोणत्या पोत्यात काय आहे, कुठली बाजू वर ठेवायची, कशापासून जपायचं, एवढं ती फरशांच्या कारखान्यातल्या भुकटीखात्यात उभ्या उभ्या वाचायची. पण चार माणसांसमोर तोंड उघडून सलग इंग्रजी बोलणं तिच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. आमच्या घरात ते खातं वन्संकडे आहे, असं ती बरोबरच्या बायकांना सांगायची.

वन्सं म्हणजे तिची नणंद. वयाने धाकटी, शिकलेली, त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला. वहिनी तिला निव्वळ चिडवायला जुन्या वळणाने 'वन्सं' म्हणायची, आणि ती हिला भर खात्यात 'वहिनी' अशी हाक मारायची, त्यामुळे अख्खा कारखानाच हिला वहिनी म्हणू लागला. फरशीला चकाकी आणणारी भुकटी या खात्यात दळायची, चाळायची. हवेत ती इतकी असायची की डबा उघडला की पहिला घास तिचाच. वन्सं रोज तिथे हवेचे नमुने घ्यायला यायची. धूळ ओढून घेणारे पंखे बसवा, असं तिने वरच्यांना लिहून लिहून बोटं झिजवली. शेवटी परदेशातले मालक वार्षिक बैठकीला येणार होते, तेव्हा तिला बोलायला दहा मिनिटं मिळाली. बैठकीआधीच ती गेली. फुप्फुसात धूळ बसली होती, असं डॉक्टर म्हणाले, आणि म्हणताना तिच्या आईकडे न बघता भिंतीकडे बघत राहिले.

मागे तिच्या स्लाइड्स राहिल्या, आणि वहिनीच्या फोनवर एक रेकॉर्डिंग. सरावाच्या वेळी स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून तिने पाठवलं होतं, ऐकून झोप येते का ते सांग म्हणून.

लॅबमधले लोक इंग्रजी फाडफाड बोलायचे. पण मालकांसमोर धुळीचा विषय काढायचा म्हटल्यावर एकाचा घसा बसला, दुसऱ्याच्या घरी नेमकं लग्न निघालं. मॅनेजर म्हणाला, "मग ती दहा मिनिटं विक्रीवाल्यांना देऊन टाकतो."

"मी बोलते," वहिनी म्हणाली.

बोलून गेली आणि लगेच शब्द मागे घ्यावेसे वाटले. पण भुकटीखात्यातल्या बायका तिच्याकडे बघत होत्या. त्यातल्या दोघी-तिघींना आता सकाळचा खोकला सुरू झाला होता, आणि तो कुठे जातो हे वहिनीने घरात पाहिलं होतं. पंखे मागायची ही एकच संधी होती.

प्रेझेंटेशन कसं रचायचं हे वन्संने तिला भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. "पाहुण्याला घर दाखवतो ना वहिनी, तसं. आधी दारातच सांगायचं, आपण कोण आणि आत काय बघायला मिळेल. मग तीन खोल्या, चौथी नाही. एका खोलीत एकच आकडा. आकडा सांगितला की गप्प बसायचं, तो उतरू द्यायचा. आणि निघताना आपल्याला काय हवंय ते एका वाक्यात मागायचं, लाजायचं नाही."

"आणि चहा?"

"चहा म्हणजे प्रश्न. पाहुणे काय विचारतील ते आपल्या हातात नसतं."

हे सगळं ठीक, पण वाक्यं कुठून आणायची? वहिनीने सरळ रेकॉर्डिंग पाठ करायला घेतलं. संध्याकाळी कामावरून आली की आतल्या खोलीत जायची, एक वाक्य ऐकायची, तेच म्हणायची. अर्थ निम्माच कळायचा, म्हणून आवाजाला धरून चालायची. वन्सं जिथे श्वास घ्यायची तिथे ही घ्यायची. वाक्याच्या शेवटी वन्संचा आवाज किंचित उतरायचा, तसा हिचाही उतरू लागला. हळूहळू फोन बंद असला तरी घरात वन्संचं बोलणं ऐकू यायला लागलं.

नवऱ्याला ते सोसेना. "बाहेरून ऐकलं तर आत दोघी आहेत असं वाटतं," तो म्हणाला, "आणि त्यातली तू कोण ते कळत नाही." त्यानंतर सरावाची वेळ झाली की तो चपला घालून बाहेर पडायचा. आपल्याच घरातून माणसाला असं निघून जावं लागावं, याचं वहिनीला वाईट वाटायचं. पण थांबून कसं चालेल?

सासूबाईंचं उलट होतं. फोनमधला आवाज लागला की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या. "त्या डबड्यातली नको मला," म्हणायच्या. फोन बंद होऊन वहिनी बोलू लागली की मात्र दाराशी खुर्ची ओढून बसायच्या. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं. डोळे मिटून, मान हलवत ऐकायच्या, आणि संपलं की म्हणायच्या, "आज दमलेली वाटली." तू, असं त्या म्हणत नसत. एकदा तिने विचारलं, "कोण दमलेलं, आई?" सासूबाई खुर्ची उचलून निघून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळेवर येऊन बसल्या.

बैठकीच्या आदल्या दिवशी मॅनेजरने तिला केबिनमध्ये म्हणून दाखवायला लावलं. तो आ वासून ऐकत राहिला. मग म्हणाला, "सगळं उत्तम. पण मधेच 'सॉरी, अगेन' म्हणून तेच वाक्य दोनदा का म्हणता? आणि तिसऱ्या आकड्यानंतर ते खोकणं?"

वहिनीला तेव्हा उमगलं. वन्सं सरावात अडखळली होती, खोकली होती, आणि हिने अडखळणं आणि खोकणंसुद्धा इमानेइतबारे पाठ केलं होतं. तिला हसू आलं आणि त्याच दमात रडू. गाळून बघितलं तर पुढचं वाक्यच येईना. जिना उतरताना मधली पायरी काढून घ्यावी तसा तोल जाई. शेवटी मॅनेजर म्हणाला, "राहू द्या. जसं येतं तसं बोला."

सभागृहात लांब टेबल होतं, प्रत्येकापुढे पाण्याचा ग्लास, आणि पडद्यावर वन्संची पहिली स्लाइड. खाली वन्संचंच नाव. ते बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं, वहिनीला सुचलं होतं पण हात धजला नव्हता. ती उभी राहिली आणि तोंडातून वन्सं बोलू लागली. दार, पहिली खोली, दुसरी खोली. 'सॉरी, अगेन' आलं, गेलं. तिसरा आकडा सांगून ती गप्प बसली आणि ठरलेल्या जागी खोकली. एका मालकाने ग्लास पुढे सरकवला. तिने घेतला नाही, कारण रेकॉर्डिंगमध्ये पाणी नव्हतं. मागच्या रांगेतला लॅबचा माणूस मात्र तो खोकला ओळखून उठून बाहेर गेला. शेवटी पंखे मागितले, एका वाक्यात. थँक यू. एनी क्वेश्चन्स?

पाठ तिथे संपत होता. रेकॉर्डिंगमध्ये यापुढे वन्संचं हसू होतं फक्त. टेबलाच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या मालकाने विचारलं, हेच काम पुढच्या वर्षी केलं तर काय बिघडेल? प्रश्न तिला कळला. उत्तरासाठी तिने कानात वन्संची वाट पाहिली. तिथे चिडीचूप होतं. बायकांचा सकाळचा खोकला आठवला, आणि ती बोलली. जाड, खात्यात हाका मारून रापलेला आवाज, व्याकरणाचा पत्ता नाही.

"सर, नेक्स्ट इयर यू कम. सेम प्रेझेंटेशन यू विल हिअर. बट आय ॲम नॉट देअर. सम अदर लेडी." मग पडद्यावरच्या नावाकडे बोट दाखवून म्हणाली, "धिस लेडी वॉज बिफोर मी."

म्हाताऱ्याने ते नाव वाचून वहीत उतरवून घेतलं. पंखे त्याच दिवशी मंजूर झाले. भुकटीखात्यात बायकांनी वहिनीला अक्षरशः उचलून घेतलं, आणि ती खूश झाली, खोटं कशाला सांगा.

घरी आली तेव्हा सासूबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. तिने पंख्यांचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता म्हण."

"आई, ते संपलं आता."

"म्हण गं. रोजच्यासारखं."

वहिनी उभी राहिली. गुड मॉर्निंग म्हटलं. तो आवाज तिचाच होता, जाड, खात्यातला. तिने घसा साफ केला, पुन्हा म्हटलं. श्वासाच्या जागा आठवत होत्या, शब्दही सगळे आठवत होते, पण वाक्याच्या शेवटी आवाज काही उतरेना. तिसऱ्यांदा म्हणताना ती रडकुंडीला आली, कारण दुपारी तिने स्वतःच्या आवाजात तोंड उघडलं त्या क्षणी काय गेलं ते तिला आता कळलं होतं.

सासूबाईंनी डोळे उघडले आणि तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"हा तुझा आवाज आहे," त्या म्हणाल्या.

"हो, आई."

"मग माझी पोर गेली," असं म्हणून त्या रडू लागल्या. दवाखान्यातून एकट्या परत आल्यापासून त्या रडल्या नव्हत्या, हे वहिनीच्या तेव्हा लक्षात आलं.