दादा मागून दिसायचा

दादा होता तेव्हा त्याचे सांगण्यासारखे दोन-तीन किस्से होते. तो गेल्यापासून ते वाढतच चाललेत. रफिकच्या दुकानात चहा आला की एक निघतो, कप खाली ठेवला की दुसरा. माणूस गेल्यावर त्याचं सगळं थांबतं म्हणतात. मग हे रोज कुठून येतात, मला कळत नाही.

मी आठवीत शाळा सोडली. टेम्पो चालवतो, लिहायची सवय नाही. रफिक म्हणाला, "जसं बोलतो तसं लिही." म्हणून लिहितोय.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ संतोष. एमआयडीसीत कामाला होता. कंपनी बंद पडली, घरात बसवेना, म्हणून चालायला लागला. चालता चालता मोबाईलवर व्हिडिओ काढायला लागला. नगरच्या गल्ल्या, बाजार, वेशी, कधी एसटीनं जाऊन जवळची गावं. चालायचं आणि मनातलं बोलायचं. चॅनलचं नाव ठेवलं 'पायी पायी नगर'. रफिकचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, तो व्हिडिओ चढवून द्यायचा. या उन्हाळ्यात एका सकाळी दादाच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. चौतीस वय.

तेराव्यानंतर मी आईला त्याचे व्हिडिओ लावून दिले. तिनं ते आधी कधी बघितलेच नव्हते. मोबाईलमधून आवाज आला, "नमस्कार मित्रांनो, मी आपला संतोष. आज आपण ऐतिहासिक दिल्ली दरवाजाला भेट देणार आहोत."

आई म्हणाली, "ह्यो कोन बोलतोय?"

"दादाच हाय."

"आसा कुठं बोलायचा त्यो? ही पाव्हन्याची बोली हाय." ती मोबाईलकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाळ्या, मला त्याचा आवाज इसरायला लागलाय. घरात बोलायचा तसा ह्यात कुठंतरी आसंल. तेवढा हुडकून दे."

दीडशेच्या वर व्हिडिओ. मी आणि रफिक एकेक ऐकायला बसलो. खालचे किस्से त्या ऐकण्यातलेच आहेत.

*

पहिला व्हिडिओ केडगावहून माळीवाड्यापर्यंतचा. सकाळची वेळ, रस्त्यावर धुकं, दुधाच्या किटल्या आणि आम्ही दोघं. दादानं चार वेळा "नमस्कार मित्रांनो" म्हटलं आणि चार वेळा थांबला.

मी विचारलं, "मित्रांनो म्हंजी कोन?"

"तू आन रफिक."

"रफिक झोपलाय."

दादा जरा विचारात पडला. मग पाचव्यांदा नमस्कार घातला आणि म्हणाला, "चला मित्रांनो, जे जागे आहेत त्यांनी यावं."

माझं बोलणं त्यात आहे. पण मला दिलेलं त्याचं उत्तर, तेवढ्या तीनच शब्दांवरून ट्रकचा आवाज गेलाय.

*

आमची काम करायची एक पद्धत होती. दादा पुढे चालायचा, हात मागे बांधून. मी चार-पाच पावलं मागे, मोबाईल धरून. त्यामुळे दीडशे व्हिडिओत दादाची पाठ दिसते. दोन शर्ट, एक निळा, एक चौकटीचा. रफिक डोकं धरायचा. "अरे, लोकं तोंड दाखवत्यात."

दादाचं म्हणणं होतं, "तोंड दाखवलं की मानसं तोंडाकडं बघत्यात. पाठ आसली की पुढचा रस्ता दिसतो."

असेच एकदा कापड बाजारातून चाललो होतो. पुढे हात मागे बांधलेला माणूस डावीकडे-उजवीकडे बघत चाललाय, मागे एक जण मोबाईल धरून. एका दुकानदारानं आम्हाला बघितलं आणि बाहेर लटकवलेले गाऊन भराभर आत ओढले. त्याचं बघून शेजाऱ्यानं स्टूल उचललं. मग पुतळे आत गेले, बोर्ड आत गेले, चपलांची टोपली आत गेली. आम्ही पुढे पुढे जातोय आणि आमच्या पुढे पुढे रस्ता मोकळा होतोय. स्वप्नात चालल्यासारखं वाटत होतं. महापालिकेचे अतिक्रमणवाले आले असं कुणीतरी पुढे सांगत गेलं होतं, ते आम्हाला मागाहून कळलं.

दादाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "मित्रांनो, जन्म इथं गेला, पण हा रस्ता एवढा रुंद आहे हे मला आज कळतंय."

*

पाणी अडवून नावाजलेल्या हिवरे बाजारला गेलो तो दिवस निळ्या शर्टाचा. बंधारा, झाडी, झाडलेल्या गल्ल्या. दादाला तिथं इतकं गार वाटलं की बोलायचंच सुचेना. पारावर एक म्हातारबाबा बसले होते. त्यांनी आमची गडबड थोडा वेळ बघितली आणि उठून आले.

"पुण्याचे का?"

"न्हाई बाबा, नगरचेच."

"मंग हितं नका उभं राहू. त्या बाभळीपाशी या. सगळे तिथून घेत्यात."

गेलो बाभळीपाशी. बाबांनी माझा हात धरून मोबाईल थोडा खाली केला, दादाला दोन पावलं डावीकडे सरकवलं. मग म्हणाले, "आता पान्याचं इचारा."

दादानं पाण्याचं विचारलं. बाबा बोलायला लागले ते एसटीची वेळ होईपर्यंत. त्यापुढे दादा त्या व्हिडिओत एवढंच बोललाय, "व्हय का?" अकरा वेळा. हा घरातलाच आवाज आहे असं मला वाटलं. मी धावत जाऊन आईला ऐकवला.

आई म्हणाली, "एवढ्यानं काय व्हतंय? 'व्हय का' तर समदेच म्हनत्यात."

*

श्रीगोंद्याकडे उसाच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. दादाला तोडणी कामगारांवर व्हिडिओ करायचा होता. निघताना आईला म्हणाला, "त्यांचे हाल दाखवनार हाय."

आमची आई पाथर्डीकडची. लग्नाआधी आणि लग्नानंतरही बरीच वर्षं ऊस तोडायला गेलेली. ती भांडी घासत म्हणाली, "आमी पन लई चाललो गाडीमागं. आमचा कुनी इडिओ काढला न्हाई."

उसाच्या फडापाशी पोचलो, दादानं हात मागे बांधले आणि सुरू केलं. "मित्रांनो, माणसाच्या आयुष्यात अनेक खडतर प्रसंग येतात."

मोळ्या बांधणारी एक बाई कंबरेवर हात ठेवून ऐकत होती. बरीच ऐकली. मग म्हणाली, "दादा, तुमचं खडतर झालं आसंल तर ह्या मोळीला जरा हात लावा."

दादानं हात लावला. मग मीही मोबाईल खिशात टाकून हात लावला, बंद करायचं राहून गेलं. पाऊण तास त्यात नुसता काळोख आहे, पाचटाची सळसळ आणि दादाला लागलेला दम.

तोही मी आईला ऐकवला. ती डोळे मिटून ऐकत होती. "दम त्याचाच हाय," म्हणाली. "ल्हानपनी पळून आला की आसाच लागायचा. पन बोलत न्हाई रं."

*

मस्कतला राहणारा एक माणूस आमचे व्हिडिओ बघायचा. त्यानं एकदा खाली लिहिलं, "पंधरा वर्षं झाली मला नगर सोडून. तोफखाना भागातल्या आमच्या गल्लीतून एकदा चाला." खाली पत्ता नव्हता, खुणा होत्या. पिठाची गिरणी, मग कडुनिंब, मग हिरवं दार.

दादा दुसऱ्या दिवशी गेला. गिरणी होती, कडुनिंब होता, दार आता पिवळं होतं. व्हिडिओ चढवला. त्याचं उत्तर आलं, "लवकर संपली. जरा हळू चालाल का?"

दादा पुन्हा गेला, हळू चालला. उत्तर आलं, "अजून हळू."

तिसऱ्या दिवशी दादा इतका हळू चालला की कडुनिंबाची सावली त्याच्या पाठीवरून सरकताना दिसते. मागून काठी टेकत एक म्हातारी आली, आम्हाला ओलांडून पुढे गेली, वळली आणि म्हणाली, "पाय दुखत्यात का रं लेकरा? बस की वट्यावर."

दादा नुसता हसला.

मस्कतहून उत्तर आलं, "आता बरोबर."

*

एकदा माझं डोकं फिरलं. दीडशेतले सव्वाशे ऐकून झाले होते आणि सगळीकडे "मित्रांनो" आणि "आपण". मी दादाचा मोबाईल उचलला, एकटाच किल्ल्याच्या खंदकाकडेनं चालत सुटलो. दादाच्याच वेगानं. मोबाईल सवयीनं तसाच धरला, पुढे चार-पाच पावलांची जागा सोडून. वीस मिनिटं चाललो. बोलता काही आलं नाही. तसाच व्हिडिओ रफिकला न सांगता चढवला.

दादा गेल्याचं चॅनलवर कुणाला सांगितलंच नव्हतं. खाली कुणीतरी लिहिलं, "आज दादा फ्रेमच्या बाहेर चालतायत का?"

दुकानात बसून ते वाचलं आणि मी मोबाईल फेकला. तो रफिकच्या काउंटरवर आपटून खाली पडला. गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं. रफिक उठला, मोबाईल उचलला, बाहीला पुसला.

"फोड अजून," म्हणाला. "आवाज कुठं हाय त्यो? ह्यातच हाय ना?"

मग त्यानं मला पाणी दिलं आणि राहिलेले व्हिडिओ एकटाच ऐकत बसला.

*

त्याच आठवड्यात रफिकला दादाच्या मोबाईलमध्ये एका कोपऱ्यात एक फोल्डर सापडलं. दादानं नाव दिलं होतं 'घोडेगाव, खराब'. कधी चढवलंच नव्हतं.

मला लगेच आठवलं. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गेलो होतो. ऊन इतकं की मोबाईलच्या काचेवर काही दिसत नव्हतं, मी अंदाजानंच बटण दाबत होतो. टेम्पोतून उतरताना एकदा चुकून दाबलं गेलं, तिथून दिवसभर सगळं उलटं झालं. दादा "नमस्कार मित्रांनो" म्हणाला की माझ्याकडून बंद व्हायचं. त्याचं बोलणं संपलं की मी बंद करायला दाबायचो आणि चालू व्हायचं. म्हशींचे भाव, बैलांची शिंगं, दादानं घोकून आणलेलं सगळं भाषण, त्यातलं काही आलंच नाही. आलं ते फक्त मधलं. त्या संध्याकाळी दादानं मला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

मी फोल्डर आधी उघडलंच नाही. मोबाईल तसाच घरी नेला. दुपार होती. आई उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती. मी मोबाईल तिच्याजवळ जमिनीवर ठेवला आणि लावला.

आधी चपलांचा आवाज. मग म्हशी. मग दादा, "बाळ्या, त्या रेड्याच्या मागं नको उभा राहू, येड्या."

आईचा हात थांबला.

मग कशाची तरी रिंग वाजली आणि दादा म्हणाला, "हां आई, बोल."

ती माझ्या फोनची रिंग होती. आईनं तेव्हा माझ्या फोनवर फोन केला होता आणि दादा त्यावर बोलत होता. यात त्याचं एकट्याचंच बोलणं होतं, आईचं नव्हतंच. मी तिला हे सांगणार, तेवढ्यात तो म्हणाला, "जेवलो की. भाकरी आन पिठलं."

पुढे आईच्या बोलण्यापुरती शांतता.

"खोटं बोलू नगं," आई म्हणाली. मोबाईलकडे बघून नाही, मेथीकडे बघून.

"तुझी शप्पथ," मोबाईलमधून दादा म्हणाला.

"माझी शप्पथ नगं घालू."

"बरं, न्हाई घालत. भजी खाल्ली. झालं?"

"आन बाळ्यानं?"

"त्यानं? त्यो माझ्या वाटची बी खाऊन बसलाय."

मी भिंतीला टेकून खाली बसलो. आईनं मेथीची एक काडी घेतली, पानं खुडली, देठ बाजूला टाकला.

"डोक्याला टोपी घातली का?"

"घातलीय गं."

घातली नव्हती. मला चांगलं आठवतंय.

"बरं आई, म्हशी लई वरडत्यात, काय ऐकू येत न्हाई. ठेवू का?"

आई म्हणाली, "थांब जरा."

म्हशी ओरडत राहिल्या. दादा थांबला.