आबांनी न दिलेला नकार

दीपा पॉलिश करताना खिडकी उघडी ठेवते का, ही काळजी पाच महिने माझ्या मनातून जात नाही. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापडाच्या बोळ्याने लाकडावर तिचा पातळ हात द्यायचा, वाळला की दुसरा, असे दहा-बारा हात. मी एकदा तिच्याकडे गेले होते तेव्हा त्या वासाने दहा मिनिटांत माझं डोकं भणभणायला लागलं. ती तिथेच बसून दुपारची भाकरी खाते. आठवड्यातून दोनदा, मी ऑफिसात असताना, आमचा फोन होतो. "जेवलीस का?" "जेवले." "बरी आहेस ना?" "बरी आहे." खिडकीचं विचारलं तर कामाचा विषय निघेल आणि कामाचा निघाला तर खुर्चीचा निघेल, म्हणून मी विचारत नाही.

त्या खुर्चीबद्दलच लिहायला बसले आहे. पण आधी दीपाबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी कुणाशी काय केलं ते कळणार नाही.

दीपा माझी एकुलती एक मुलगी, एकोणतीस वर्षांची. तिचे बाबा गेले तेव्हा ती बारावीत होती. तरी शिकली. नगरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि पारनेरला एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. दोन वर्षांपूर्वी ते तास बंद झाले. मला वाटलं, आता काष्टीला घरी येईल, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करेल. तिचा फोन आला, "आई, मी एक स्टूल दुरुस्त केलंय." मला चेष्टाच वाटली.

ते स्टूल तिला भंगाराच्या दुकानात मिळालं होतं, तीन पायांचं. चौथा पाय तिने एका मोडक्या पलंगातून कापून काढला आणि बसवला. मग घरमालकीण बनुबाईंचं फडताळ झालं, मग एका शाळेने काढून टाकलेले बाक. हळूहळू पारनेरातली माणसं माळ्यावरचं मोडकंतोडकं उतरवून तिच्याकडे आणायला लागली. जे कुणाचंच नसतं ते ती स्वतः भंगारातून उचलते, घरी नीट करते आणि ज्याला नवं परवडत नाही त्याला देते.

हत्यारं म्हणजे एक रंधा, दोन पटाश्या, कानस आणि हातोडी. लाकडं आवळून धरायचा शिकंजा तिच्याकडे नाही. सांध्यात फेविकॉल भरला की सायकलची जुनी ट्यूब कापून ती सांध्याभोवती ताणून गुंडाळते आणि रात्रभर तशीच ठेवते. भेगेत त्याच लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये मळून भरते. वाळवीच्या भोकांत इंजेक्शनच्या सुईने औषध सोडते. गंजलेला स्क्रू हलेना की त्याच्यावर रॉकेलचे दोन थेंब टाकते आणि दुसऱ्या कामाला लागते. "त्याला जरा विचार करू दे," म्हणते.

मी गेले त्या दिवशी एका टेबलावर पिशवी ठेवायला निघाले तर ती केवढ्यांदा ओरडली, "आई, नको! तो पेशंट आयसीयूत आहे."

टेबलाचे चारही पाय ट्यूबने बांधलेले होते. बनुबाई दारात उभ्या राहून हसत होत्या. मला म्हणाल्या, "तुमची पोरगी लाकडाशी बोलती बगा. मानसांशी कमी बोलती."

तिचा एक नियम आहे. जुन्या लाकडाला नवा तुकडा जोडला तर तो रंगाने इतका मिळवायचा नाही की ओळखूच येणार नाही. घेणाऱ्याचं बोट धरून ती जोड दाखवते. "उद्या तिथेच हललं तर पोरीने फसवलं म्हणायला नको." हे ती मला सांगत होती तेव्हा मी तिच्या हातांकडे बघत होते. नखांत लाखेचा तांबूस रंग बसला होता, अंगठ्यावर पटाशीचा व्रण. मनात एकच वाक्य होतं, याच्यासाठी का शिकवलं?

त्यानंतर काही दिवसांनी ऑफिसात, म्हणजे पंचायत समितीत, माझ्या शेजारच्या टेबलावरची शुभांगी म्हणाली, "मॅडम, आमच्या मिस्टरांना पारनेरला तुमची दीपा दिसली म्हणे. भंगाराच्या ढिगात काहीतरी शोधत होती. तीच का?"

"छे," मी म्हणाले, "ती पीएच.डी. करतेय."

अजूनही तिथे मला विचारतात, प्रबंध कुठवर आला? मी सांगते, चाललंय.

आता आबा. माझे वडील कोंडीराम, रेल्वेत गँगमन होते. दीपाचे बाबा गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. आबांच्या वडिलांनी आयुष्यभर गावकीचं काम केलं. त्याबदल्यात घरात काय यायचं? मेलेल्या माणसाची वाकळ, मोडकी बाज, शिळी भाकरी. धम्म घेतला तेव्हा आबा सोळा वर्षांचे होते. वस्तीतल्या माणसांनी त्या दिवशी जे ठरवलं त्यात हेही होतं की यापुढे कुणाचं टाकलेलं घरात आणायचं नाही. आबांनी ते शब्दशः पाळलं. माझ्या वर्गातली मुलं वरच्या वर्गाची जुनी पुस्तकं घ्यायची, माझ्या पुस्तकांना मात्र कोऱ्या कागदाचा वास असायचा. आमच्या घरातली पहिली खुर्ची, लोखंडी, घडीची, आबा स्वतः दौंडहून घेऊन आले होते. तिच्यावरचा कागद आठ दिवस काढू दिला नव्हता.

आबांची शाळेतली जन्मतारीख एक जून आहे. खरी कुणालाच माहीत नाही. यंदा कागदोपत्री पंच्याऐंशी पूर्ण झाली. त्या दिवशी दुपारी दीपा न सांगता आली, भाजीच्या टेम्पोतून, एक खुर्ची चादरीत गुंडाळून. मागच्या अंगणात उतरवली आणि चादर काढली. सागवानी, बुटकी, रुंद हातांची. बसायला सुती नवारीची पट्टी विणलेली. मागचा एक पाय नव्या लाकडाचा, जरा फिकट.

"आबांना उठताना गुडघ्यावर भार येतो ना," ती म्हणाली, "म्हणून हात पुढे वाढवलेत. धरून उठता येईल. दोन महिने लागले."

"कुठून आणलीस?"

"एक जुनं घर पाडलं रस्त्याच्या कामात. भंगारवाल्याकडे आली होती, तीन पायांवर."

"दुसऱ्यांच्या घरातली?"

"होती. आता आबांची."

शेजारच्या गच्चीवर दोन बायका वाळवण काढत होत्या. त्या बघत होत्या. टेम्पोवाला बघत होता. मला शुभांगी आठवली. मी म्हणाले, "थांब. आबांना विचारून येते."

आबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मी त्यांच्या खाटेपाशी उभी राहिले, मिनिटभर असेन. त्यांना हाक मारली नाही. बाहेर आले आणि दीपाला म्हणाले, "आबा नको म्हणाले. टाकलेलं आपल्या घरात नको, म्हणाले."

दीपाने माझ्याकडे पाहिलं. "आबा असं म्हणाले?"

"तुला माहीत आहे त्यांचं."

"हो," ती म्हणाली. "माझ्याच लक्षात यायला हवं होतं."

तिने चादर पुन्हा गुंडाळली. खुर्ची चढवताना टेम्पोवाला म्हणाला, "काय ताई, म्हाताऱ्याला पसंत न्हाई पडली व्हय?" तिने चादरीची गाठ आवळली. मी पाणी घे म्हणाले, तेही घेतलं नाही. "आबांना झोपू दे," म्हणाली आणि गेली. आबा चार वाजता उठले आणि म्हणाले, "आज दीपी यील वाटलं हुतं."

तेव्हापासून ती आलेली नाही. तिला वाटतं, आपण आजोबांच्या जखमेवर बोट ठेवलं. आबांना वाटतं, नात विसरली. "रुसली का गं माझ्यावर?" ते विचारतात. मी सांगते, कामात असते. आबांनी आयुष्यभर पाळलेली गोष्ट मी माझ्या लाजेवर पांघरूण म्हणून ओढली. त्यांच्या ठरवण्यात मान होता, माझ्यात फक्त गच्चीवरच्या बायका होत्या. हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. कळूनही मी पाच महिने गप्प बसले.

आज त्यापेक्षा वाईट केलं.

शेजारच्या साळूबाई आठ दिवस पारनेरला लेकीकडे जाऊन आल्या. संध्याकाळी आबांपाशी पडवीत येऊन बसल्या. मी आत मेथी निवडत होते.

"आबा, तुमी लई कडू मानूस बगा," साळूबाई म्हणाल्या.

"का गं? तुझं काय घोडं मारलं म्या?"

"माझं न्हाई, नातीचं. दीपीनं माझ्या लेकीचं कपाट असं चकचकीत केलंय, त्यात माझं तोंड दिसलं. तोंडात दात न्हाईत ते बी दिसलं."

आबा हसले. "मंग त्यात माझा काय गुन्हा?"

"मी म्हनलं, आगं, आबाला एक खुर्ची कर की. तर म्हनली, केल्ती आजी, आबांनी परत धाडली. टाकलेलं घरात नको म्हनले. आन् टचकन पानी आलं पोरीच्या डोळ्यांत."

आबांचं हसणं थांबलं. "कवा?"

"मला काय ठावं? उनाळ्यात म्हनली."

साळूबाई गेल्यावर त्यांनी मला हाक मारली.

"सुमन, दीपी खुर्ची घिऊन आल्ती?"

"आली होती."

"मी नको म्हनलो?"

खरं सांगायला तेवढी एक जागा होती. मी म्हणाले, "म्हणाला असाल, आबा. दुपारी झोपेत होता तुम्ही. लक्षात नसेल राहिलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, आधार शोधल्यासारखे.

"नको असती तर मी तिच्या तोंडावर म्हनलो असतो," ते म्हणाले. "भांडलो असतो तिच्याशी. तिनं बी ऐकवलं असतं मला. पर पोरीला दारातनं माघारी कशी लावली म्या? तोंड बी न बगता?"

हातातली मेथी मी उगाच निवडत राहिले.

"आन् हे मला आठवंना कसं गं?" त्यांचा आवाज बारीक झाला. "आमच्या गँगमधल्या सहादेवचं असंच सुरू झालं हुतं. पयलं बोलल्यालं इसरायचा. मंग पोराला वळखंना. मला डाक्टरकडं नेतीस का उद्या?"

"नेते," मी म्हणाले.

जेवताना ते दोनदा थांबले. काय खातोय ते आठवून बघत असावेत. आता साडेअकरा होत आलेत आणि ते अजून जागे आहेत. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येतो आहे. ज्या मार्गावर त्यांनी आयुष्य घालवलं त्यावरची स्टेशनं ते मोजतायत. "काष्टी, श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर..." नगरपर्यंत जातात. सगळी बरोबर येतात. मग नगरहून उलटे येतात. मघाशी त्यांनी हाक मारून विचारलं, "सुमन, एखादं राहिलं का गं?"

एकही राहिलं नव्हतं. माझ्या वडिलांच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. त्यांनी न बोललेलं एक वाक्य त्यांना आठवत नाही, एवढंच. आणि मी इथे बसून ऐकते आहे.

आबांना ती खुर्ची आवडलीच असती, असं मी म्हणत नाही. कदाचित त्यांनी खरंच नको म्हटलं असतं आणि दीपा दुखावली असती. पण ते त्या दोघांचं भांडण होतं. दोघंही तोंडावर बोलणारी माणसं आहेत. मधे मी होते.

उद्या सकाळी सांगू, असं दोनदा मनात आलं. मला माझी ओळख आहे. सकाळपर्यंत मी तिसरं काहीतरी तयार करेन, दोघांनाही पटेल असं. आधी आबांना सांगितलं तर दीपाला सांगताना थोडं वगळेन आणि आधी दीपाला सांगितलं तर आबांना सांगताना. म्हणून फोन आत्ताच लावणार आहे. या वेळी ती जागी असते, दिवसा दिलेला हात वाळला का ते बघत. मोबाईल घेऊन मी आबांच्या खाटेपाशी जाणार, दिवा लावणार आणि स्पीकर चालू ठेवूनच दीपाला फोन करणार. जे सांगायचं ते दोघांनाही एकाच वेळी ऐकू येईल.