देवीपुढे ठेवलेली पट्टी

खरं सांगू, हे मी लिहिणारच नव्हते. दिगंबरकाका म्हणाले होते, "माझ्यावर काय लिहितेस, जा, अभ्यास कर." पण गोष्ट ऐकल्यापासून डोक्यातून जाईचना, म्हणून एका दमात टाइप करतेय.

तर दिगंबरकाका. म्हैसूरच्या विजयनगरातल्या एका दवाखान्यात सीटी स्कॅन काढतात, केस पांढरे होईपर्यंत तेच काम. त्यांच्या घरी पूर्वी साड्या छापायचे. आजोबांचे लाकडी ठसे अजून माळ्यावर आहेत. काका एकच गोष्ट नेहमी सांगतात, की आजोबांनी छापलेल्या साड्या अख्खं म्हैसूर नेसलं, पण नाव झालं ते दुकानदाराचं. छापणारा कोण, कुणाला गोत्तिल्ला. माहीतच नाही कुणाला. हे सांगताना त्यांचा आवाज बारीक होतो.

आता दवाखान्यातली भानगड ऐका. फुफ्फुसात गाठ असली की डॉक्टर सुई घालून तुकडा काढतात. स्कॅनमध्ये गाठ दिसते, पण पाठीवर नेमकी कुठे टोचायची? मग तारेचे तुकडे चिकटवायचे, ते सरकायचे, पेशंटला परत आत ढकलायचं. काकांना वाटलं, कापडावर रेघाच छापल्या तर? पोटाच्या एक्स-रेला पाजतात ती बेरियमची पावडर त्यांनी खळीत कालवली आणि आजोबांच्या रेघांच्या ठशाने सुती पट्टीवर छापली. पट्टी पाठीवर, स्कॅन काढला, आणि रेघा पांढऱ्याशुभ्र! कुठल्या रेघेखाली गाठ ते मोजायचं, तिथे खूण करायची, झालं.

डॉक्टर म्हणाले, "दिगंबर, याचं पेटंट घ्या. तुमच्या नावावर."

तुमच्या नावावर! काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

चामराजपुरममध्ये रम्या आहे, त्यांच्याच छपाईवाल्या समाजातली, पेटंटचंच काम करते. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "काका, दवाखान्याबाहेर कुठे दाखवलंय का? आधी चारचौघांत गेलं असेल तर पेटंट मिळत नाही."

"छे गं. कुणालाच नाही."

आणि ते खोटं बोलत नव्हते, हेच तर! त्यांच्या घराण्यात रीत आहे, नवीन छपाईचं पहिलं कापड हिंगुलांबिका देवीपुढे ठेवायचं आणि ते कसं केलं ते मोठ्याने सांगायचं. लपवलं तर रंग टिकत नाही म्हणतात. काकांच्या आईने, सुमित्राबाईंनी, पट्टी ठेवायला लावली होती. समाजाच्या देवळात, पूजेच्या दिवशी, माइकवर. पण काकांच्या हिशोबी ते दाखवणं नव्हतंच. देवीला देणं होतं.

रम्याने अर्ज भरला. नंतर पूजेचा व्हिडिओ चढला यूट्यूबवर. समाजाच्या रविकिरणला कापाकापी करायला इतका उशीर लागला होता. आणि पेटंट ऑफिसच्या माणसाला तोच सापडला, पूजेच्या तारखेसकट.

रम्याने बोलावलं. सुमित्राबाई पण गेल्या, घरी बसवेना. रम्याने लॅपटॉप फिरवला.

"हे कोण, काका?"

"मीच की."

"आणि हातात?"

काका चष्मा पुसायला लागले. व्हिडिओतले काका मात्र शाल पांघरून, बेरियम किती, खळ किती, सगळं रंगवून सांगत होते.

"तुम्हीच तुमच्याविरुद्ध साक्षीदार झालात."

"अय्यो, देवीला सांगितलं ते पण मोजतात?" सुमित्राबाई भडकल्या. "देवी काय दुकान टाकणार आहे का पट्ट्यांचं?"

"देवी नाही अज्जी, तिच्यासमोर बसलेले लोक." रम्याला हसू आलं, पण तिने दाबलं. "एक वाट आहे. व्हिडिओ अर्जाच्या नंतर चढलाय. तेव्हा पूजा घरगुती होती, बाहेरचं कुणी नव्हतं, असं ठरलं तर वाचेल. सुनावणीत एवढंच म्हणा, घरचीच माणसं होती. सगळे काका-मामाच ना?"

सुनावणी कॉम्प्युटरवर होती. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, रम्या शेजारी, सुमित्राबाई मागे खुर्चीत. अधिकारी शांत माणूस. त्याने विचारलं, "त्या दिवशी बाहेरचे लोक आत येऊ शकत होते का?"

काकांना दार आठवलं. पूजेच्या दिवशी देवळाचं दार लावत नाहीत, रस्त्यावरचा कुणीही आत येतो, प्रसाद घेतो. हारवाला मंजुनाथ आला होता. त्याच्या वडिलांची सुईची तपासणी व्हायची होती, म्हणून काकांनीच त्याला पुढे बसवून परत एकदा सगळं समजावलं होतं. व्हिडिओत मंजुनाथ कुठेच नाही. नाही म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं?

रम्याने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय ठेवला.

"दार उघडं होतं, सर," काका म्हणाले. "बाहेरचे होते. मीच बोलावलेले पण होते."

संपलं. अर्ज फेटाळला गेला.

"काका, एक 'नाही' म्हणता आलं नाही?" रम्या रडवेली झाली होती.

"आलं असतं गं. पण तो माणूस बापाच्या काळजीने आला होता. तो नव्हताच असं कसं म्हणू?"

ऐकताना मला वाटलं होतं, आता सुमित्राबाई पाठीवर हात ठेवतील. कुठलं काय! त्या म्हणाल्या, "मला विचारायचंस तरी, दिगंबरा! मी सांगितलं असतं दार लावलं होतं म्हणून. देवीचं मी बघून घेतलं असतं!"

काका खूप दिवस ठशांना शिवले नाहीत. नावाचं दुःख गेलंय असं नाही, अजूनही विषय निघाला की उठून पाणी प्यायला जातात. पण मग हुणसूरहून वनजा आली, तिथल्या छोट्या दवाखान्यात स्कॅन काढते ती. व्हिडिओ बघून तिने पट्टी करून पाहिली होती आणि रेघा पसरल्या होत्या. "आम्ही केली तर चालेल का, सर?"

"चालेल की. माझं काय आहे त्यात," काका जरा कडूच बोलले. पण तिने खळ कालवायला घेतली आणि त्यांना बघवेना. "ए, बेडा बेडा, नको, थांब! पाणी झालंय ते," म्हणत त्यांनी वाडगा ओढून घेतला, मग ठसाही. संध्याकाळच्या बसला वनजा पट्ट्यांची गुंडाळी घेऊन गेली.

खळ किती घट्ट हवी ते व्हिडिओत कळत नाही, ते हातालाच कळतं, मी बघितलंय. काका लवकरच रिटायर होतायत, मग मुलीकडे, पावनीकडे, राहायला जाणार, ठसे घेऊन. तुम्ही स्कॅनचं काम करत असाल, किंवा तुमच्या घरात कुणी करत असेल, तर दवाखान्यात जाऊन दिगंबरकाकांना विचारा. आधी नको नको म्हणतील, ते मनावर घेऊ नका, बसून राहा. पण प्लीज लवकर जा, ते इथे आहेत तोवरच.