तुमचा तोच आमचा

'सुटसुटीत' हा शब्द ऐकला की मला अजूनही राग येतो. घरात कुणी म्हणालं, की चला, बरं सुटसुटीत झालं, तर मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. मुलांना वाटतं, म्हातारा तऱ्हेवाईक झाला. झालो असेन. पण त्याला कारण आहे, आणि ज्यांच्यावर रागवायचं ते सगळे गेले तरी माझा राग काही गेलेला नाही.

आम्ही मूळचे कुंभार पिंपळगावचे, शेती करणारे. माझा थोरला भाऊ, दादा, जालन्याला आला आणि त्यानं लहानसं जिनिंग-प्रेसिंग उभं केलं. शेतकऱ्यांचा कापूस घ्यायचा, त्यातली सरकी काढायची, रुईच्या गाठी दाबायच्या आणि रेल्वेनं मुंबईला धाडायच्या. मी त्याच्या हाताखाली होतो. गाठींवर आमची छाप असे, ज्वारीचं कणीस. ते कणीस दादानं स्वतः कोळशानं भिंतीवर काढून बघितलं होतं आणि वहिनी म्हणाली होती, "ह्याला कणीस म्हणतेत व्हय? हे तर शेपूट दिसून राह्यलं." तरी छाप तीच राहिली. कणीस छाप म्हटल्यावर मुंबईत गाठ फोडून बघायची गरज नाही, एवढा विश्वास बसायला दादाची सगळी तरुण वर्षं खर्ची पडली.

जालना तेव्हा निजामाच्या मुलखात होतं आणि मुंबई इंग्रजांच्या. माल हद्दीबाहेर काढायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात. आमचा पैसा हाली, त्यांचा कलदार. आमच्या कोर्टात उर्दू, त्यांच्या कोर्टात इंग्रजी. मुंबईच्या कागदोपत्री आम्ही परमुलखातले व्यापारी होतो. हे मला फार उशिरा समजलं, कारण मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्य-कापसाच्या बाजारात, आपल्या पोत्यांवर बसलेल्या माणसाला आपण कुणाच्या दृष्टीनं परदेशी आहोत असं वाटतच नाही.

आमच्या मोंढ्यातले तंटे मोंढ्यातच मिटायचे. माल कमी निघाला, ओला निघाला, भेसळीचा निघाला, तर पंच बसायचा. पंच नेमायची एक रीत होती. ज्याच्यावर ठपका असेल तो दुसऱ्याला म्हणायचा, "तुमचा तोच आमचा." म्हणजे पंच तुम्हीच निवडा, माझी हरकत नाही. हे म्हणणं मोठ्या मनाचं समजलं जाई. पण रीत तिथं संपत नसे. एकानं असं म्हटल्यावर दुसऱ्याला शरमेनं असाच माणूस निवडावा लागे, जो पहिल्यालाही पसंत असता. आपला मेव्हणा किंवा मिंधा माणूस कुणी बसवलाच, तर मोंढ्यात त्याच्याशी कुणी व्यवहार करत नसे. दहापैकी सात वेळा दोन्हीकडून दादाचंच नाव निघायचं. दादा यायचा, दोघांच्या देखत पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, दोघांचं ऐकून घ्यायचा आणि काय ते सांगून टाकायचा. मग तिघं मिळून चहा. दादाला जिनिंगपेक्षा ह्या बसण्याचाच अभिमान जास्त होता, आणि तो अभिमान मला फार आवडायचा.

लढाईची वर्षं होती, दुसऱ्या महायुद्धाची. आमच्या गाठी मुंबईच्या एका साहेबी कंपनीला जात. तिच्या इंग्रजी करारात एक कलम होतं, की तंटा झाल्यास पंच बसेल, तो मुंबईत बसेल आणि कायदा तिकडचा चालेल. ते आम्ही नीट वाचलं नव्हतं. वाचलं असतं तरी खूशच झालो असतो. पंच म्हटल्यावर आम्हाला आणखी काय पाहिजे होतं!

एका हंगामात कंपनीचा निरोप आला, की कणीस छापाच्या गाठी आतून भिजलेल्या निघाल्या. वजन वाढवायला पाणी मारलेलं दिसतं. दादा दोन दिवस जेवला नाही. पाणी मारणाऱ्याला तो माणसात मोजत नसे. एका शेतकऱ्याला त्यानं ह्याच कारणावरून बैलगाडीसकट परत पाठवलं होतं.

मग कंपनीचा खरेदीचा माणूस घरी आला. हा काही मुंबईचा नव्हे. आष्टीकडचा होता, त्याच्या बापाचा कापूस आमच्याच मोंढ्यात उतरायचा. वहिनीनं भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. जेवता जेवता तो म्हणाला, "पाटील, इंग्रजी मुलखात पंचाचा नवा कायदा आला बघा. कंपनीनं तिचा पंच नेमला. आता तुमचा तुम्ही नेमा."

दादाचा चेहरा किती तरी दिवसांनी उजळला. पंच बसणार म्हणजे खरंखोटं होणार. तो म्हणाला, "आम्ही कशाला नेमायचा? तुमचा तोच आमचा."

त्या माणसाचा भाकरी मोडणारा हात थांबला. मी समोरच बसलो होतो, मी बघितलं. त्याला रीत ठाऊक होती. आता त्यानं म्हणायचं होतं, "न्हाई पाटील, मंग तुमच्या मनातला सांगा." तो शब्द त्याच्या ओठावर आलाही असेल. पण तो गिळून त्यानं भाजीत भाकरी बुडवली आणि म्हणाला, "बराबर. तेवढं लिहून द्या मंग."

दादानं हसत हसत लिहून दिलं. वर त्याला हंगामाची चार सीताफळं बांधून दिली. त्या सीताफळांचा मला त्या कागदापेक्षा जास्त राग येतो.

पंच कुठल्या दिवशी बसणार, त्याची सूचना आली. मी जायला निघालो. दादानं मला दारातून परत फिरवलं.

"आपून एकदा म्हणलो ना, तुमचा तोच आमचा? आता तिथं जाऊन हुभं राह्यलो तर त्या मानसाला काय वाटंल? इश्वास न्हाई म्हणून पाहऱ्यावर आले, असंच वाटंल."

"दादा, तो कंपनीचा माणूस हाय."

"आता तो आपलाबी हाय."

मी पुष्कळ भांडलो. वहिनीही म्हणाली, "भाऊजीला जाऊ द्या की, जाऊन येतील, त्यात काय जातंय?" दादा ऐकेना. त्याच्या मते तो पंचाचा अपमान होता, आणि आयुष्यभर पंच म्हणून बसलेल्या माणसाला पंचाचा अपमान करवत नव्हता. मला त्याचाही राग आला होता, कशाला खोटं बोलू. एवढं साफ मन बाळगायचं तर माणसानं हद्दीबाहेर धंदा करू नये.

निवाडा आला. माल बुद्ध्या भिजवलेला आहे, असं त्यात होतं. त्याच्या आधारानं मुंबईच्या बाजारानं कणीस छाप घेणं बंद केलं.

आम्ही दोघं मुंबईला निघालो. आमच्याकडची रेल्वे लहान रुळांची, मनमाडला संपायची. तिथं सगळा माल उतरवून मोठ्या रुळांच्या गाडीत भरत. दादा मनमाडला उतरला आणि सरळ मालाच्या आवारात गेला. वर छप्पर नाही, ताडपत्री नाही. गाठी उघड्यावर थप्पीनं पडल्या होत्या. तिथल्या हमालांनी सांगितलं, की लढाईच्या सामानामुळे वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, मिळत नाहीत, माल पडून राहतो, आणि त्या सुमाराला अवकाळी पाऊस झाला होता. दादा माझ्याकडे वळला. त्याला आनंद झाला होता, ह्याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

"बघ, हितं भिजल्या! आता सांगू त्यान्ला."

सांगणार कुणाला? मुंबईच्या वकिलानं पंख्याखाली बसून आमचं सगळं ऐकलं आणि हरकत घ्यायची मुदत संपल्याचं सांगितलं. वर समजूत घातली, "नवा कायदा फार सुटसुटीत आहे हो. पूर्वी पंचाच्या निवाड्यावर लोक वर्षानुवर्षं कोर्टात भांडत बसायचे. आता तसं नाही. परमुलखातल्या व्यापाऱ्यालाही खात्री असते, की झटपट निकाल लागेल."

मी विचारलं, "परमुलखातला व्यापारी म्हणजे कोण?"

"म्हणजे तुम्ही," तो म्हणाला. "तुमच्या सोयीचंच आहे हे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमची सोय! आमच्या माणसाचं नाव बुडालं, आमचं म्हणणं कुणी ऐकलं नाही, आणि हा गृहस्थ आम्हाला सोय समजावून सांगतोय. मी काही तरी वेडंवाकडं बोलणार होतो, पण दादानं माझं मनगट धरलं. वकील मनानं वाईट नव्हता. त्यानं आवाज खाली आणून एक वाटही दाखवली. निवाडा इंग्रजी मुलखातला आहे, निजामाच्या हद्दीत बजावणं कंपनीला कटकटीचं जाईल. तुम्ही गुपचूप घरी जाऊन बसा, कोणी येत नाही.

दादा म्हणाला, "चोर म्हणून घरात दडून बसू का?"

"चोर कशाला म्हणता? कायद्यानं तुम्ही तिकडचे आहात."

"म्हंजी माझ्यावर निवाडा द्यायला मी हिकडचा, आन् पळून जायला तिकडचा." दादा उठला. एरवी तो असा बोलत नसे.

त्यानं एकच हट्ट धरला, त्या पंचाला भेटायचं. काळबादेवीकडच्या एका माडीवर तो भेटला. वयस्क, कापसाच्या धंद्यातच केस पांढरे झालेला, बोलायला सभ्य. मी त्याचं डोकं फोडायच्या तयारीनं जिना चढलो होतो, आणि त्यानं आम्हाला बसायला गादी पुढं केली. दादानं मनमाडचं सगळं सांगितलं. उघडं आवार, अवकाळी पाऊस, बाहेरून आत गेलेलं पाणी. पाणी मारलेली गाठ मधोमध ओली असते आणि पावसात भिजलेली कडेनं, हेही सांगितलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याला ते कळत होतं.

"मला तर नुसते नमुने दाखवले," तो म्हणाला. "कंपनीची माणसं बोलली. तुमच्या बाजूनं कोणी आलंच नाही."

दादा म्हणाला, "माझ्या बाजूनं तुम्हीच होता की."

म्हाताऱ्याला ते समजलं नाही. खरंच समजलं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं, जणू मी उलगडून सांगीन. मी काय सांगणार होतो? जालन्याच्या मोंढ्यातली एक अख्खी रीत त्या माडीवर, त्या गादीवर कशी उलगडून ठेवायची? आम्ही चहा न घेता जिना उतरलो. पंचाच्या बैठकीतून चहा न घेता दादा पहिल्यांदाच उठला होता.

घरी येऊन त्यानं निवाडा पाळला, कंपनीचं नुकसान भरून दिलं. हद्दीआड लपला नाही. कणीस छापाचा ठसा त्यानं जिनिंगच्या भिंतीला टांगून ठेवला आणि पुढं गाठी दुसऱ्यांच्या छापानं दाबून द्यायला लागला. वहिनीनं एकदा तो ठसा पुसायला काढला तर म्हणाला, "राहू दे, कुनाच्या उपेगाचा हाय आता." आष्टीचा तो माणूस नंतरही मोंढ्यात यायचा. मी त्याला एकदा भर बाजारात विचारलं, तू जेवताना गप का बसलास? तो म्हणाला, "मी कंपनीचा नोकर होतो, मला काय करता आलं असतं?" एवढं बोलून तो निघून गेला. बोलता आलं असतं. दुसरं काय करायचं होतं त्याला!

लढाई संपली. मग रझाकारांचे दिवस आले आणि गेले. अठ्ठेचाळीस साली निजामाचा मुलूख हिंदुस्थानात आला. लोक पेढे वाटत होते, मीही वाटले. मला वाटलं, आता आपण कुणाचे परमुलखातले नाही. आता दादा पुन्हा पहिल्यासारखा बसेल. इतक्या वर्षांत तो पंच म्हणून बसला नव्हता. कुणी बोलवायला आलं तर कमरेचं दुखणं पुढं करायचा.

त्याच हिवाळ्यात मोंढ्यात एक तंटा झाला. अंतरवालीचा एक शेतकरी आणि आमच्या ओळखीचा एक मारवाडी व्यापारी, दोघंही पोक्त माणसं. कापूस ओला की कोरडा, हाच वाद. मी दादाला ओढतच नेलं. आम्ही पोचलो तेव्हा शेतकरी त्या व्यापाऱ्याला म्हणत होता, "शेटजी, तुमचा तोच आमचा." आणि व्यापारी रीतीप्रमाणे दादाकडं हात करून म्हणाला, "मंग हे आले की. हेच बसतील."

किती वर्षांनी हे सगळं बराबर होत होतं. माझे डोळे भरून आले.

दादानं पोत्यात हात घातला नाही. तो शेतकऱ्याला म्हणाला, "असं म्हणू नको. तुझा पंच तू नेम, त्यान्चा ते नेमतील. आन् बोलणं सगळं लिहून घे."

शेतकरी हसला. त्याला वाटलं, थट्टा आहे. मग दादाचं तोंड बघून त्याचं हसू मावळलं, आणि तो पहिल्यांदाच त्या व्यापाऱ्याकडं संशयानं बघायला लागला. व्यापाऱ्यानंही ते बघितलं. माझ्यावर इश्वास न्हाई का, असं काही तरी तो पुटपुटला. दोघांनी आपापला पंच नेमला. निकालही लागला, लवकर लागला. चहा कुणी मागवला नाही, आणि दोघं दोन वाटांनी निघून गेले.

परतताना मी रस्त्यात दादावर ओरडलो. लोक बघत होते तरी ओरडलो. म्हणालो, त्या कंपनीनं जे केलं तेच तू आज केलंस, आपल्या मोंढ्यात, आपल्या हातानं.

तो शांतपणे चालत होता. जिनिंगच्या फाटकाशी आल्यावर म्हणाला, "त्या शेतकऱ्याचं नाव तरी वाचंल. सुटसुटीत झालं."