सकपाळकाकांनी घेतलं नाही ते नाव

सकपाळकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी शाळेत उत्तरपत्रिका तपासत होतो. आमच्या बचावगटातल्या प्रशांतचा फोन होता. "काका गेले सकाळी," एवढंच म्हणाला. त्याला आता पाच आठवडे झाले... त्यातले चार मला पोलादपूरला त्यांच्या घरी जायलाच लागले.

आमचा महाडचा बचावगट सावित्रीत बुडालेल्यांना शोधतो. काका मुंबईच्या गोदीत पाण्याखाली काम करणाऱ्या माणसांची श्वासाची यंत्रं दुरुस्त करत. निवृत्त होऊन गावी आले आणि आमचे रेग्युलेटर त्यांच्याकडे जाऊ लागले. टाकीतली दाबाची हवा श्वासाजोगी करून देणारं हे यंत्र. खिडकीशी जुनं धोतर अंथरून काका ते सुटं करत, पितळी भाग व्हिनेगरच्या पाण्यात ठेवून हिरवा थर सोडवत, मऊ ब्रशनं घासत, रबरी कड्या बदलत. "वरनं चकचकीत दिसतं रे मास्तर. खातं ते आतनं," म्हणायचे. हवा आत शिरते त्या तोंडावर टोपी बसवल्याशिवाय यंत्र धुवायचं नाही, हे त्यांनी मला दहादा तरी बजावलं असेल.

गेल्या वर्षी आम्ही दासगावकडे खाडीच्या पाण्यात सराव केला. मला एका लग्नाला जायचं होतं. घाईघाईनं रेग्युलेटर बादलीत बुचकळले; एकाची टोपी नुसती लोंबत होती. ती मी पाहिली, आणि यंत्र वरवर पुसून ठेवून दिलं. दोन महिन्यांनी तेच यंत्र घेऊन प्रशांत डोहात उतरला. तळाशी त्याला श्वास ओढता येईना. जोडीदाराच्या हवेवर कसाबसा वर आला, ओठ निळे पडलेले. काकांनी ते यंत्र तपासायला घरी नेलं.

पुढच्या रविवारी गटाची बैठक झाली. काका कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. त्यांनी तोंड उघडण्याआधीच मी बोललो, "काकांची नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही. पुढची कामं मुंबईला पाठवू." काकांनी माझ्याकडे पाहिलं. "असंल बाबा," म्हणाले, आणि पिशवी उचलून एस.टी. गाठायला निघाले. त्यानंतर आमच्याकडून त्यांच्याकडे एकही यंत्र गेलं नाही. मीही गेलो नाही... रस्ता फक्त अर्ध्या तासाचा.

मागच्या आठवड्यात अखेर गेलो. काकूंनी चहा ठेवला. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "ते यंत्र उघडलं तेव्हा मी बाजूलाच होते. आतली जाळी हिरवी पडून बुजली होती. म्हणाले, टोपी न लावता धुतलंय, खारं पाणी आत गेलंय. मी म्हटलं, मग बैठकीत सांगा. तर म्हणाले, मास्तरनं धुतलंय ते. पोरं त्याच्या शब्दावर पाण्यात उतरतात. तो येईल, आपला आपण सांगंल."

"काही बोलले का नंतर?"

"नाय. एस.टी. थांबल्याचा आवाज आला की खिडकीतनं बघायचे."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. काकूंनी तो नेऊन पुन्हा गरम करून आणला.

परवाच्या रविवारी मी गटाला सगळं सांगितलं. मग प्रशांतनं हळूच विचारलं, "काकांना सांगितलं होतंस हे?"

"नाही," मी म्हणालो.

तो उठून बाहेर गेला.