नवसाची तांबडी

आमच्या वडगावात कोंबड्यांना एकच आजार व्हायचा, मानमोडी. कोंबडी शिंकली, लंगडली, नुसती कोपऱ्यात बसून राहिली, तरी शेजारच्या काकू कंबरेवर हात ठेवून सांगायच्या, मानमोडी. त्यामुळं आमची तांबडी कोंबडी मान वाकडी करून उभी राहिली, तेव्हा काकूंना विचार करायची गरजच पडली नाही. पण बाकीच्या कोंबड्या धडधाकट होत्या, आणि मानमोडी काही एकीवर थांबत नाही. तांबडीचा तुरा लालभडक, डोळे टक्क उघडे. दाणे टाकले की सगळ्यांच्या आधी धावत यायची, दाणा चोचीत धरायची आणि टाकून द्यायची. पोटात भूक होती, गिळवत नव्हतं. का, ते कुणालाच कळेना.

ती साधी कोंबडी असती तर एव्हाना तिचा रस्सा झाला असता. पण ती नवसाची होती. माझी थोरली बहीण, आमची आक्का, बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं आधीचं एक मूल पोटातच गेलेलं. म्हणून आई गल्लीतल्या देवळातल्या लक्ष्मीला नवस बोलली होती, लेक सुखरूप सुटू दे, तांबडी तुझी. तिच्या पायात चिंधी बांधली. चिंधी बांधली की तिच्यावर सुरी चालवायची ती देवळासमोरच, त्याआधी तिच्या रक्ताचा थेंब सांडायचा नाही. आणि ती आपल्या मरणानं मेली, तर देवीनं नवस घेतला नाही म्हणायचं. मग आक्काचं काय होणार, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. सगळे तोच विचार करत होते.

दिवस लढाईचे. सुताची मारामार, धान्याची त्याहून. आप्पा, म्हणजे माझे वडील, हातमागावर लुगडी विणायचे. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा मागावर तुटू नये म्हणून त्याला खळ लावावी लागते. खळ म्हणजे पिठाची पातळ, चिकट पेज. परसात ताणा ताणायचा आणि कुंच्यानं ती धाग्याला पाजायची. पीठ मिळत नव्हतं तेव्हा आप्पा ती खळ जिवापाड जपायचे. आई त्याच भांड्यातून वाटी भरून तांबडीला पाजू लागली. आप्पांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. दाणा उतरत नाही तर पेज तरी उतरेल, हा आईचा हिशेब. आमच्यात आजाऱ्याला पेजच देतात, त्यात वावगं ते काय?

तांबडीच्या गळ्याखालची पिशवी फुगत गेली. हात लावला की मळलेल्या कणकेसारखी घट्ट लागायची. तोंडातून आंबूस पाणी यायचं. लसूण झाला, हळद-तेल झालं, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली. आप्पा तिला धोतराच्या सोग्यात गुंडाळून बेळगावच्या गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथले डॉक्टर घोडी आणि बैल बघत होते. कोंबडी म्हटल्यावर हसले. आप्पा तसेच चालत परत आले आणि मागावर बसले, जेवले नाहीत.

शेवटी कळलं ते असंच. मी वाटी घेऊन बसले होते. तिच्या चोचीच्या कोपऱ्यात हिरवं काही दिसलं. ओढलं तर धागा. वीतभर आला, अजून आला, मग अडकला आणि तांबडीनं डोळे मिटले. मी घाबरून सोडून दिला. आप्पांना हाक मारली. त्यांनी पिशवी बोटांनी चाचपली आणि परसातल्या ताण्याकडं बघितलं.

ताण्याचे तुटके धागे परसात पडायचे, खळीनं माखलेले. पिठाच्या वासानं तांबडीनं ते टिपले होते. हे आम्हाला दिसू नये? अहो, कसं दिसणार! आमच्या घरात सूत म्हणजे केर. अंथरुणात सूत, केसात सूत, भाकरीतसुद्धा कधी निघायचं. त्याच्याकडं कोण बघतंय? आणि आईनं वाटी वाटीनं जी पेज पाजली, तिनं आत त्या सुताचा गोळा घट्ट करत नेला.

आप्पा म्हणाले, वस्तऱ्यानं पिशवी चिरतो, गोळा काढतो, सुईनं शिवतो. जगली तर जगली. आई आडवी आली. "देवीच्या आधी तिचं रगत काढू देणार न्हाय," म्हणाली. आक्का पोट सावरत दारात आली आणि म्हणाली, माझ्यासाठीच बोललीस ना, मग मी सांगते, आप्पा, चिरा. आईनं तिला आत नेऊन निजवलं. मला आईचा असा राग आला होता की वाटी भिंतीवर फेकावी. फेकली नाही. कोंबडीला काय झालंय ते कळलं होतं, उपाय कळला होता, वस्तरा कोनाड्यात होता, आणि आम्ही डालग्याशी बसून तिची उघडमीट होणारी चोच बघत होतो. दुपार कलताना ती गेली. आप्पांनी तिला चिंधीसकट पुरलं. आई रात्रीपर्यंत चुलीकडं तोंड करून बसली.

थोड्याच दिवसांनी आक्काला कळा लागल्या. पहाटे सुरू झालेल्या कळा, उन्हं वर आली तरी सुटका नाही. सुईण हुशार बाई. म्हणाली, मूल आडवं आहे, माझ्या हातात नाही, मोठ्या दवाखान्यात न्या. दवाखाना म्हणजे चिरफाड, हे सगळ्यांना ठाऊक. आई उठेना. अजून थोडं बघू, म्हणे. देवळात जाऊन आली, आणखी एक कोंबडी बोलून आली, परत म्हणाली, थोडं बघू. आत आक्काचा आवाज बारीक होत चालला. आप्पा उंबऱ्यात उभे होते. ते कोनाड्याकडं बघत होते, तिथं वस्तरा होता. आईनंही तिकडं बघितलं. मग ती एकदम उठली आणि टांगा आणा म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी काही समजावून सांगायला तोंड उघडलं, तोच आई म्हणाली, "कापा. काय कापायचं ते कापा." आक्का वाचली. मुलगा होता. तो रडला नाही.

आक्का घरी आल्यावर काकू भेटायला आल्या. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग त्यांनी विषय काढलाच. कोंबडी मेली तेव्हाच ओळखायला हवं होतं, देवीनं नवस घेतला नाही. आक्का भिंतीकडं तोंड करून पडली होती. मला वाटलं, आता आईही मान डोलावणार.

आई म्हणाली, "न्हाय काकू. कोंबडी सुतानं मेली. पोर मी थोडं बघू म्हटल्यानं गेलं."

काकू चहा तसाच ठेवून उठल्या.